बर्फातली रेंज: बायथलॉनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला कॉमेंटरीसाठी जाताना

मी कोल्हापूरची. चौदाव्या वर्षी पॉइंट टू-टू रायफल हातात आली आणि पुढची अकरा वर्षं ५० मीटरच्या रेंजवर गेली. खेळाडू म्हणून राज्य स्पर्धेपलीकडे पोचले नाही, पण नेमबाजीची हिंदी कॉमेंटरी करू लागले. त्याच वाटेने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लेन्झरहाइडेला बायथलॉनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी गेले. स्कीवर पळायचं, मध्येच थांबून पाच गोळ्या झाडायच्या, पुन्हा पळायचं, असा हा खेळ. १२ ते २३ फेब्रुवारी, बारा दिवसांत बारा शर्यती. जाण्याआधी मला हे काम आपल्या भाषेत समजावून सांगणारं कुणी सापडलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला असं बोलावणं आलं तर उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. यजमान प्रसारक जी चित्रं दाखवतो ती सगळ्या जगाला एकच जातात. मुंबईच्या स्टुडिओत बसलात तरी तीच दिसतील, आणि आजकाल बरीच कॉमेंटरी तशीच होते. मग चॅनेल तिकिटाचा आणि हॉटेलचा खर्च करून तुम्हाला तिथे का पाठवतं? चौकटीबाहेरचं आणण्यासाठी. आज वारा कुठून आहे, चढावर बर्फ कसा आहे, सकाळी कोणता प्रशिक्षक काळजीत दिसला, त्या मुलीचं नाव तिची आई कसं उच्चारते. नुसतं कॉमेंटरीच्या बॉक्समध्ये बसून पडदा बघितलात तर जाऊन न गेल्यासारखं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. अ‍ॅक्रिडिटेशन म्हणजे गळ्यातलं ओळखपत्र. ते आणि कॉमेंटरीची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखपत्र मिळालं म्हणजे जागा मिळाली असं समजू नका. जागा, तिथलं यंत्र, मुंबईपर्यंतची आवाजाची लाइन हे सगळं चॅनेलने काही महिने आधी मागवून पैसे भरलेले असतात. त्याची खात्री देणारी मेल स्वतःकडे छापून ठेवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण इतकं ताणू नका. ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. येण्याचं कारण काम असेल तर कामच लिहा, आयोजकांचं पत्र जोडा. लवकर मिळतो म्हणून पर्यटक व्हिसावर जाण्याचा सल्ला मलाही मिळाला होता, मी तो मानला नाही, तुम्हीही मानू नका. चॅनेलचा कॅमेरा किंवा मोठी यंत्रं बरोबर असतील तर कार्ने, म्हणजे यंत्रं तात्पुरती नेऊन परत आणण्याचं कस्टम्सचं कागदपत्र, करून घ्यावं लागतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असलं तरी युरोपीय संघात नाही, तिथलं कस्टम्स वेगळं आहे. मोबाइलचं ‘युरोप पॅक’ घेतानाही यादीत स्वित्झर्लंडचं नाव आहे ना ते वाचा.

प्लगचं जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्या रात्री माझा लॅपटॉप यामुळेच बंद पडला. आपल्याकडे ‘युरोपचा अ‍ॅडॉप्टर’ म्हणून जो जाडा गोल मिळतो तो जर्मन पद्धतीचा असतो. स्विस सॉकेटचा खड्डा लहान आणि षटकोनी, त्यात तो बसतच नाही. मोबाइल चार्जरचा चपटा, दोन बारीक पिनांचा प्लग मात्र सहज बसतो. खास स्विस अ‍ॅडॉप्टर इथूनच घेऊन जा, आणि एक चार खाचांचा बोर्ड.

झ्युरिकला उतरलात की रेल्वेने कूरला जायचं (लिहिताना ‘चूर’ वाटेल अशी अक्षरं आहेत, पण म्हणायचं कूर), तिथून पोस्टाच्या पिवळ्या बसने घाट चढून वर. विमान कंपनीने माझी मोठी बॅग मागेच ठेवली, ती तिसऱ्या दिवशी आली. गरम कपडे सगळे त्यात. पहिल्या दोन शर्यती मी घराच्या मालकिणीच्या जाकिटात केल्या. म्हणून सांगते: थर्मलचा एक जोड, लोकरी टोपी, हातमोजे, बूट, हेडसेट आणि नोट्स केबिन बॅगेत. बूट पायातच घालून निघा. हातमोजे दोन घ्या, आत पातळ, वर जाड. पानं उलटताना वरचे काढायचे. बॉलपेनची शाई थंडीत गोठते, शिसपेन्सिली न्या. फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवा, नाहीतर बॅटरी बघता बघता संपते. आणि बाहेरून उबदार खोलीत आलात की लॅपटॉप लगेच बॅगेतून काढू नका, त्यावर दव धरतं.

खाण्यापिण्याचं. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत. मी कांदा-लसणाची चटणी, मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू नेले होते. दुपारच्या शर्यतीआधी पोटभर जेवू नये, आवाज जड होतो. कोरड्या थंड हवेत घसा तासाभरात बसतो, त्यावर माझा भरवसा ज्येष्ठमधावर. काडी गालात धरून ठेवायची आणि माइक सुरू होण्याआधी काढायची. थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी. रेंजवर फिरताना श्वास नाकाने घ्या आणि बाहेर कमी बोला.

आता खरा अभ्यास, तो घरूनच सुरू होतो. स्प्रिंट या छोट्या शर्यतीत साधारण शंभरजण उतरतात, त्यातले पहिले साठ पाठलागाच्या शर्यतीत जातात. माझी पहिली यादी दहा नावांची होती. ती वाढवून साठ केली आणि हे मी केलेल्या सगळ्या तयारीतलं सर्वांत उपयोगी काम ठरलं. पुरुषांच्या स्प्रिंटमध्ये सुवर्ण नॉर्वेच्या योहानेस बोला मिळालं. ते अपेक्षितच होतं, आणि ही त्याची शेवटची जागतिक स्पर्धा आहे हे जानेवारीतच जाहीर झालेलं असल्याने त्याच्यावर बोलायला सगळ्यांकडे भरपूर होतं. पण रौप्य अमेरिकेच्या कॅम्बेल राइटला. हा मुलगा न्यूझीलंडमध्ये वाढला, आधी त्याच देशाकडून खेळला. ज्या देशात या खेळाला फार मोठी परंपरा नाही तिथून आलेला खेळाडू, ही गोष्ट भारतातल्या प्रेक्षकाला लगेच भिडते. माझ्या पानावर त्याच्या नावापुढे तीन ओळी होत्या म्हणून मी ती सांगू शकले. महिलांच्या स्प्रिंटमध्ये फिनलंडच्या सुवी मिंकिनेनने कांस्य घेतलं, तिथेही तेच. पदकवाल्यांबद्दल सगळेच वाचून येतात. पंचविसाव्या क्रमांकाच्या माणसाबद्दल वाचा, कारण एखाद्या दिवशी तोच पुढे येतो.

प्रत्येक खेळाडूला एक ओळ पुरेशी नाही आणि एक पान जास्त होतं. मी ए-थ्री कागदावर चौकोन आखते. प्रत्येक चौकोनात नाव देवनागरीत, झोपून नेमबाजी कशी, उभ्याने कशी, पळायला वेगवान की सावकाश, आणि एक माणूसपणाची गोष्ट. रायफलच्या दस्त्याचा रंगही लिहा. एका देशाचे सगळे एकाच रंगाच्या पोशाखात असतात, टोप्या सारख्या असतात, तेव्हा दस्ता ओळख पटवतो.

नावांविषयी मला मनापासून सांगायचंय. चुकीचं उच्चारलेलं नाव म्हणजे त्या माणसाची वीस वर्षांची मेहनत आपण निष्काळजीपणे हाताळली, असं मला वाटतं. आणि मराठी माणसाला इथे एक देणगी आहे. जर्मन ‘झेड’चा उच्चार म्हणजे आपला ‘चांगला’मधला, ‘चूल’मधला च. ‘चार’मधला नव्हे. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जमवावा लागतो, आपल्याला तो आजीकडून मिळालाय. स्पर्धेचं मैदान ज्या गावात आहे त्याचं रोमान्श (तिथली स्थानिक भाषा) नाव लांच आणि जर्मन नाव लेन्झ. हे लेन्झ म्हणताना शेवटी तोच ‘चुलीतला च’ लावा. ‘बो’ या आडनावातला स्वर मात्र आपल्याकडे नाही. ‘ए’ म्हणायला लागा आणि जीभ न हलवता ओठ ‘ओ’सारखे गोल करा, जवळपास तो येतो. योहानेसच्या मधल्या नावात ‘थ’ दिसतो, पण नॉर्वेत तो ‘ट’ असतो: टिंगनेस. जर्मनीच्या फ्रान्सिस्काचं आडनाव प्रॉइस, ‘प्रेउस’ नाही. स्वीडनच्या एल्विराला मी पहिले दोन दिवस ‘ओबर्ग’ म्हणत होते. शेजारच्या जागेवरच्या स्वीडिश रेडिओवाल्या बाईंनी मध्यंतरात हळूच येऊन सांगितलं की शेवटी ‘ग’ नाही, ‘य’ आहे: ओबॅर्य. मी त्याच संध्याकाळी प्रसारणात दुरुस्ती केली, कारण न सांगता बदललं असतं तर प्रेक्षकांना दोन वेगळ्या खेळाडू वाटल्या असत्या. हीच मुलगी शेवटच्या दिवशी सामूहिक सुरुवातीची शर्यत जिंकली, आणि तिचं नाव मी बरोबर घेतलं याचा आनंद मला अजून आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी एक काम करा: प्रत्येक देशाच्या कॉमेंटेटरकडे आपली यादी घेऊन जा, त्यांच्या खेळाडूंची नावं त्यांच्या तोंडून फोनवर रेकॉर्ड करा. कुणी नाही म्हणत नाही. उलट ते तुम्हाला स्वप्नील कुसाळेचं नाव कसं म्हणायचं ते विचारतात.

स्वप्नीलचं नाव मी उगाच काढलं नाही. १ ऑगस्ट २०२४ ला त्याने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्य जिंकलं ते आपल्याकडे घराघरांत बघितलं गेलं. बायथलॉनमध्ये अंतर तेच, ५० मीटर. काडतूस तेच, पॉइंट टू-टू. त्यामुळे भारतीय प्रेक्षकाला या खेळात शिरायला दार आहे आणि ते तुम्ही उघडायचं. स्वप्नीलच्या निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. इथे झोपून मारायचं निशाण ४५ मिलिमीटर, उभ्याने मारायचं ११५. ऐकणाऱ्याला वाटतं, अरे, मग हे तर सोपं! तिथेच पुढचं सांगायचं. अंगावर नेमबाजीचं ताठ जाकीट नाही, शर्यतीचा पातळ पोशाख आहे. पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन चढ चढून आलेत, छाती भात्यासारखी चाललीय, आणि पाच गोळ्या अर्ध्या मिनिटाच्या आत संपवायच्या आहेत. मी स्वतः रेंजवर नाडी शांत होण्याची वाट बघायला शिकले. हे लोक वाट बघत नाहीत, धडधडीच्या मधल्या फटीत ट्रिगर दाबतात. पहिल्यांदा समोर बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

नियम रोज नव्याने सांगा, पण एका वाक्यात. ‘पाच निशाणं, एक चुकलं की दीडशे मीटरची दंडफेरी.’ ‘वैयक्तिक’ नावाच्या शर्यतीत फेरी नाही, चुकीमागे सरळ एक मिनिट वाढतं. रिलेत प्रत्येक नेमबाजीला तीन जादा गोळ्या, पण त्या हाताने एकेक भराव्या लागतात. एवढं पुरे. दंडफेरीला वीस-पंचवीस सेकंद जातात हे सांगितलं की प्रेक्षक स्वतः हिशेब करू लागतो आणि मग तो कुठे जात नाही.

शर्यतीच्या दिवसाची आखणी अशी. सुरुवात दुपारी अडीचला असेल तर भारतात सात वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. मी सकाळी मार्गाच्या कडेने चालत जायची, मुख्य चढापर्यंत तरी. बूट किती रुततो ते बघायचं, मूठभर बर्फ हातात घेऊन दाबायचा. गोळा होतो का, की साखरेसारखा सुटतो? आपल्या भाषांत बर्फाला शब्द कमी आहेत, त्यामुळे स्वयंपाकघरातून घ्यावे लागतात. सकाळचा बर्फ रवाळ, दुपारच्या उन्हात शिऱ्यासारखा ओलसर, सावलीत पुन्हा चिक्कीसारखा कडक. मुंबईच्या निर्मात्याला सुरुवातीला हे विचित्र वाटलं, पण दुसऱ्या आठवड्यात तोच कानात विचारू लागला, ‘आज शिरा की रवा?’ स्कीच्या तळाला लावायच्या मेणाचं महत्त्व सांगतानाही हे शब्द कामी येतात. २०२३-२४ च्या मोसमापासून फ्लोरिनयुक्त मेणावर बंदी आहे, त्यामुळे ओल्या बर्फाच्या दिवशी कुणाची स्की चालते आणि कुणाची चिकटते यात मोठा फरक पडतो.

शर्यतीआधी खेळाडू रेंजवर कागदी निशाण्यांवर रायफल झिरो करून घेतात, म्हणजे त्या वेळच्या वाऱ्याला धरून तिची साइट जुळवतात. ही वेळ काही झालं तरी चुकवू नका. मागे प्रशिक्षक दुर्बिणी लावून उभे असतात आणि साइट किती क्लिक कुठे फिरवायची ते ओरडून सांगतात. मी त्या वेळी एकच गोष्ट वहीत काढून ठेवायची: रेंजवरच्या छोट्या झेंड्या कुठल्या बाजूला आणि किती उचलल्यात. शर्यतीत पहिली खेळाडू रेंजवर आली की पुन्हा झेंड्या बघायच्या. तेव्हा डावीकडे होत्या आणि आता लोंबताहेत, म्हणजे रायफल आता नसलेल्या वाऱ्यासाठी लावलेली आहे. गोळी सुटण्याआधीच तुम्ही हे सांगू शकता. पडद्यावर झेंडी दिसते, पण तासाभरापूर्वीची दिसत नाही. तुम्ही तिथे आहात ते याचसाठी.

बॉक्समध्ये किमान तासभर आधी बसा. समोर एक डबा असतो: आवाज सुरू करायचं बटण, निर्मात्याशी बोलायचं बटण आणि खोकल्याचं बटण, जे दाबून धरलं की माइक तेवढ्यापुरता बंद होतो. तिन्ही अंधारातही सापडतील इतक्या वेळा दाबून बघा. एका कानात मैदानाचा आवाज मंद, दुसऱ्यात मुंबई. निर्माता बोलत असताना आपलं वाक्य तोडायचं नाही, याचा सराव घरी रेडिओ लावून करता येतो. दुर्बीण जवळ ठेवा, पण बोलायचं ते पडद्यावर जे दिसतं त्याबद्दल. खिडकीतून दिसणारं मागचं नाट्य सांगत बसलात तर घरचा माणूस गोंधळतो. ते पुढच्या शांत क्षणासाठी राखून ठेवा.

स्प्रिंटमध्ये खेळाडू एकेक करून सुटतात, त्यामुळे पुढे दिसणारा पुढे असतोच असं नाही. इथे घड्याळ हीच गोष्ट. मोठी नावं सुरुवातीच्या गटांत संपली तरी निकाल लागला म्हणू नका. ‘सध्या पहिली’ हे दोन शब्द शेवटची खेळाडू येईपर्यंत सोडू नका. सामूहिक सुरुवातीत उलट, तीसजण एकदम रेंजवर येतात आणि कोण कुठल्या लेनवर हे क्षणात ओळखावं लागतं. खात्री नसेल तर नाव घेऊ नका, देश सांगा किंवा ‘लेन चौदा’ म्हणा. मी एकदा घाईत चुकीचं नाव घेतलं आणि पुढच्या वाक्यात ‘माफ करा, ही ती नव्हे’ म्हणून सुधारलं. तेवढंच करायचं, लांबण लावायची नाही.

आणि गप्प बसायला शिका. कोल्हापुरात आमचे प्रशिक्षक रेंजवर कुणी कुजबुजलं तरी बाहेर काढायचे. बायथलॉनची रेंज तशी शांत नसते. हजारो लोक प्रत्येक गोळीला ओरडतात, निशाण पांढरं झालं की गर्जना, चुकलं की मोठा सुस्कारा. तो आवाज प्रेक्षकाला ऐकू द्या. १६ फेब्रुवारीला महिलांच्या पाठलागात प्रॉइस शेवटच्या उभ्या नेमबाजीला आली तेव्हा मी एवढंच म्हटलं, ‘आता पाच गोळ्या.’ पुढे गोळ्या आणि लोक बोलले. ती जिंकली, जागतिक स्पर्धेतलं तिचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. रात्री आईचा फोन आला. तिला या खेळातलं काही कळत नाही. ती म्हणाली, ‘तू गप्प झालीस तेव्हा मी पण श्वास धरला.’

शर्यतीनंतर मिश्र क्षेत्रात जा, जिथे खेळाडू पत्रकारांशी बोलतात. पदकवाल्यांपुढे गर्दी असते. विसाव्या, तिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूपुढे कुणी नसतं. मी विचारायची, ‘आज कोणती गोळी आठवतेय?’ या एका प्रश्नावर ते मन मोकळं करायचे, आणि दुसऱ्या दिवशीचा एक चौकोन भरायचा.

परतताना चॅनेलकडून रेकॉर्डिंग मागून घ्या, एका शर्यतीचं तरी. कूरहून झ्युरिकची गाडी वालेन सरोवराच्या काठाने जाते. मी खिडकीशी बसून प्रॉइसची ती नेमबाजी ऐकली, हातात घड्याळ. शेवटच्या गोळीआधी मी चार सेकंद थांबले होते. गोळी लागल्यावर मात्र एका सेकंदात बोलायला लागले होते, गर्जना पुरती चढायच्या आत. वहीत तिच्या नावापुढे लिहून ठेवलं: इथे अजून तीन सेकंद.